सुपर कबचं कापड: पॉली-फायबर घ्यावं की स्ट्यूअर्ट?

सांगाडा सँडब्लास्ट होऊन आला, गंजलेल्या नळ्या कापून नव्या वेल्ड झाल्या, की पायपर सुपर कबच्या (नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं छोटं विमान) घरगुती पुनर्बांधणीत एक निर्णय समोर येतो आणि तो पुढे बरीच वर्षं निभवावा लागतो. कापड कोणत्या पद्धतीने चढवायचं? हे लिहिताना डोळ्यांसमोर अलास्का आहे: नदीकाठची वाळू, गोट्यांची पट्टी, मोठाली मऊ चाकं. डांबरी धावपट्टीवरून रविवारी फेरी मारणाऱ्याचं गणित कदाचित वेगळं निघेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. सुपर कब टाइप सर्टिफिकेट असलेलं, म्हणजे सरकारने आराखडा मंजूर केलेलं विमान आहे. अमेरिकेत हे काम ए अँड पी (सांगाडा आणि इंजिनाचा परवाना असलेल्या) मेकॅनिकच्या देखरेखीखाली तुम्ही स्वतः करू शकता, पण शेवटी आयएची (तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकची) सही आणि मोठ्या कामाच्या नोंदीचा फॉर्म 337 लागतोच. पॉली-फायबर आणि स्ट्यूअर्ट सिस्टम्स या दोन्ही पद्धतींना एसटीसी (मूळ आराखड्यातल्या बदलाची सरकारी मंजुरी) आहे, म्हणजे सही मिळण्याच्या दृष्टीने दोघी सारख्याच. अट एवढीच की गोंदापासून रंगापर्यंत सगळं एकाच घरचं हवं. एकीचा गोंद आणि दुसरीचा भराव (कापडाची वीण बुजवणारा थर) अशी खिचडी एसटीसीत बसत नाही.

तिसरं नाव हमखास येतं ते जर्मन ओराटेक्सचं. त्याचं कापड रंगासकटच येतं, त्यामुळे फवारणी नाही आणि वासही नाही. ठिगळ इस्त्रीने चिकटवलं की काम संपलं. वजनाच्या बाबतीतही ते उजवं आहे. पण भरावाचा थर नसल्याने सांगाड्यावरचा प्रत्येक उंचवटा आणि गोंदाचा प्रत्येक डाग कायम दिसत राहतो, आणि पंखाच्या टोकाच्या दुहेरी वळणावर सुरकुती घालवायला बराच संयम लागतो. मीटरमागे किंमतही जास्त. ज्याला रंगाची बंदूक हातातच धरायची नाही त्याने ओराटेक्स जरूर बघावं. खरी चुरस मात्र उरलेल्या दोघींत आहे.

कापड दोन्हीकडे पॉलिएस्टरच, त्यामुळे इस्त्रीचं काम सारखं. घरगुती इस्त्रीच्या चकतीवर कापडाची नावं असतात, तापमान नसतं. थर्मामीटर लावून खुणा आपणच करून घ्यायच्या. पॉली-फायबरच्या पद्धतीत 250 अंश फॅरनहाइटला (121 सेल्सिअस) संपूर्ण पंख दोन्ही बाजूंनी एकदा, मग 350 ला (177 सेल्सिअस) शेवटचा ताण. एकच बाजू आधी पूर्ण ताणली तर पंखाला पीळ बसतो. 350 च्या बरंच वर गेलात तर कापड सैल पडतं आणि ते पुन्हा ताणत नाही, तो तुकडा काढावाच लागतो. पंखाच्या फासळ्यांना कापड शिवणाऱ्या टाक्यांचं अंतर जुनं कापड फाडण्याआधी मोजून, फोटो काढून ठेवा. मूळ अंतरापेक्षा विरळ टाके चालत नाहीत, आणि फाडून झाल्यावर मूळ अंतर सांगायला काही उरत नाही.

निवड कापडाची असली तरी तिचे परिणाम सुरू होतात प्रायमर आणि वायरिंगपासून, आणि नेमकं हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. पॉली-फायबरचा गोंद पॉली-टॅक. त्यात एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे द्रावक असतं, आणि एमईके साधा एकभागी प्रायमर उचलून काढतं. नळीवरचा झिंक क्रोमेट प्रायमर गोंदाबरोबर सुटून येतो आणि जोड धातूऐवजी सुटलेल्या रंगावर उभा राहतो. म्हणून पॉली-फायबर घेणार असाल तर नळ्यांना दोनभागी इपॉक्सी प्रायमरच हवा. स्ट्यूअर्टचा एकोबाँड पाण्यातला गोंद आहे, तो प्रायमरला त्रास देत नाही. तरी इपॉक्सी तिथेही मारावाच, गंजासाठी.

वायरिंगचंही तसंच. जुन्या विमानातल्या पीव्हीसी वेष्टनाच्या तारा एमईकेने मऊ पडतात. गोंदाचा ओघळ नळीवरून खाली तारांच्या जुडग्यावर गेला की वेष्टन चिकट होतं, आणि ते दिसायला पुढे कापड फाडावं लागतं. टेफझेल वेष्टनाची तार (एम22759/16) याला दाद देत नाही. एकूण विमानात तार लागते किती? जुनी वाचवण्यात अर्थ नाही. दिशादर्शक एलईडी दिव्यांना 20 किंवा 22 गेज पुरते, उतरण्याच्या एलईडी दिव्याला 18. बॅटरी सीटच्या मागे नेली असेल तर स्टार्टरसाठी जाड 2 गेज घ्या, थंडीत घट्ट झालेल्या तेलाशी झुंजताना प्रत्येक व्होल्ट मोलाचा असतो. पंखातल्या दिव्यांचं अर्थिंग पंखाच्या बोल्टांवर सोडू नका. पंखाच्या जोडावरच्या रंगलेल्या लगमधून (धातूच्या कानातून) परतणारा प्रवाह काही दिवस चालतो आणि मग दिवे लुकलुकायला लागतात. परतीची वेगळी तार घाला. तिच्यासोबत एक रिकामी दोरीही पंखाच्या टोकापर्यंत सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर कापडाला हात लावावा लागणार नाही.

नळ्यांना जुडगं बांधताना प्लास्टिकचे टाय नकोत. कंपनाने ते प्रायमर घासून काढतात आणि बरोबर त्या पट्ट्यात गंज धरतो. मेणाची दोरी, तिच्याखाली सिलिकॉन टेपचा एक वेढा, हे जुनं तंत्रच टिकतं. आणि रेडिओचा अँटेना. कापडाच्या विमानात त्याच्याखाली धातूचा पत्रा नसतो. 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाव तरंगलांबी साधारण 2 फूट येते, तेवढी रुंदी कॉकपिटमागे मिळत नाही. म्हणून चार दिशांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आतून पसरून अँटेनाच्या बुडाशी जोडायच्या, कापड चढायच्या आधी. तपासणीच्या झडपांच्या कड्यांची जागाही याच वेळी ठरवा: जिथे जोडणी, पुली किंवा केबलचं वळण, तिथे कडी. पॉलीकार्बोनेटच्या खिडक्या मात्र सगळं झाल्यावर बसवा, एमईकेचा शिंतोडा त्यांना तडे पाडतो.

आता वासाकडे येतो, कारण स्ट्यूअर्टची बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे आणि ती मान्य केली पाहिजे. एमईकेची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून पसरत जाते, आणि घराला जोडलेल्या गॅरेजच्या कोपऱ्यात पाण्याच्या बंबाची ज्योत असेल तर तिच्यापर्यंत पोहोचते. थंडीतही ती पेटू शकते. ज्योत विझवणं, स्फोटरोधक पंखा लावणं, सेंद्रिय वाफांच्या काडतुसाचा मास्क घालणं, यात सवलत नाही. नायट्राइलचे हातमोजे एमईकेत लवकर हार मानतात, ब्युटाइल रबरचे घ्या. डोळ्यांना चष्मा हवाच. हे सगळं जानेवारीत, बाहेर उणे तीस असताना, दार उघडं ठेवून कसं करायचं? उत्तर असं की करत नाहीत. गोंद आणि पॉली-ब्रशची (गोंदानंतरच्या पहिल्या थराची) कामं मे ते ऑगस्टमध्ये उरकावी लागतात. स्ट्यूअर्टवाला हिवाळाभर काम करू शकतो, घरातलं कोणी तक्रार करत नाही. त्यांचा माल मात्र गोठू द्यायचा नाही. एकदा गोठला की टाकूनच द्यायचा, म्हणून मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी. आणि पाण्याचं आहे म्हणून मास्क नको असं समजू नका. दोन भाग मिसळून फवारायच्या कुठल्याही पॉलियुरेथेनला श्वसनाचं संरक्षण लागतं.

गोंदात मी दोघींना जवळपास सारखे गुण देईन. एकोबाँड दोन्ही पृष्ठांवर लावून वाळू द्यायचा, मग इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवायचा. घाई नसते, चुकलं तर पुन्हा गरम करून सरळ करता येतं. पॉली-टॅक भरभर सुकतो, नवख्याची तारांबळ उडते. एका वेळी फूटभरच लावत जा. चूक झाली तर एमईके लावलेल्या फडक्याने जोड परत मोकळा होतो.

थरांत फरक पडू लागतो. पॉली-ब्रशचा पहिला हात ब्रशने, तीन भागाला एक भाग पातळक मिसळून. तो गुलाबी असल्यामुळे कुठे पोचला नाही ते लगेच दिसतं.  मग टाके आणि शिवणी झाकणाऱ्या टेपा, टेपांच्या करवती कडा उचलल्या असतील तर 225 अंशांची इस्त्री, आणि नंतर पॉली-ब्रशचेच दोन फवारे. त्यावर चंदेरी पॉली-स्प्रेचे तीन आडवे-उभे थर. ही चांदीच कापडाला उन्हापासून वाचवते, म्हणून पंखाच्या आत 60 वॅटचा दिवा धरून बाहेरून बघायचं: प्रकाश झिरपत असेल तर अजून थर हवा. दमट किनाऱ्यावर, कोडियाकसारख्या ठिकाणी, पातळक फार जलद असेल तर रंगावर पांढुरकी झाक येते. सावकाश सुकणारं पातळक घालून ती टळते. स्ट्यूअर्टच्या एकोफिलचं काम याहून सोपं आहे, हे निःसंशय. भराव आणि उन्हाचं संरक्षण एकाच डब्यात मिळतं.

पण त्यानंतरचा स्ट्यूअर्टचा एकोपॉली हा पॉलियुरेथेन रंग. माझा कौल तिथे फिरला. ओला असताना तो अगदी एकसारखा दिसतो. पाणी हवेत जायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात फासळीच्या टेपेखालून ओघळ उतरायला लागतो, तेव्हा तुम्ही पंखाच्या दुसऱ्या टोकाला असता. उपाय सांगितलेले आहेत: दाटपणा कपाने मोजा, आधी धुक्यासारखे हलके थर द्या, मग भरीव थर. ज्यांचा हात बसला आहे त्यांचे पंख आरशासारखे चमकतात, पॉली-फायबरच्या पॉली-टोन रंगाला ती चमक कधीच येत नाही. पण घरी बांधणारा माणूस आयुष्यात बहुधा एकच विमान रंगवतो. हात बसेपर्यंत दोन्ही पंख झालेले असतात. सुपर कबच्या पंखांचं क्षेत्रफळ 178.5 चौरस फूट. वरचं आणि खालचं मिळून जवळजवळ 360 चौरस फूट फवारणी फक्त पंखांचीच.

नुसता ओघळ राहिला असता तर चालून गेलं असतं. खरी कटकट त्याच्या पुढची आहे. जाळं धरलेलं पॉलियुरेथेन कुठल्याही द्रावकात परत विरघळत नाही, ते घासूनच काढावं लागतं. आणि कापडावर घासायचं म्हणजे टाक्याची गाठ आणि टेपेची कड आजूबाजूपेक्षा उंच असते, कागद सर्वांत आधी तिथेच पोहोचतो. भराव जातो, मग धागा. गुळगुळीत करायला गेलात आणि गाठ कापून बसलात, असं होतं.

रानात उतरणाऱ्या विमानाला दुरुस्तीची ही वेळ एकदाच नाही, दर हंगामात येते. मऊ चाकं गोटे मागे फेकतात. ते पोटाला आणि शेपटीच्या आडव्या स्टॅबिलायझरच्या खालच्या अंगाला लागतात. पुढच्या कडांवर यूएचएमडब्ल्यू (चिवट प्लास्टिकची) टेप लावली तरी सप्टेंबरपर्यंत दोन-तीन भोकं ठरलेली. पॉली-टोनवर त्याचं काम असं चालतं: भोकाभोवती फडक्याने एमईके लावायचं, रंग विरघळून निघतो, खालची चांदी निघते, गुलाबी थर दिसला की थांबायचं. चांदी राहू दिली तर गोंद तिला धरतो, कापडाला नाही. तळव्याएवढ्या भोकाला चारी बाजूंनी 2 इंच जास्तीचं ठिगळ, पॉली-टॅक, इस्त्री, पॉली-ब्रश, वर टेप, चांदी, रंग. नवा रंग जुन्यात मुरतो, कडा राहत नाही. ज्यांनी पॉली-फायबरवर एरोथेन हा त्यांचाच पॉलियुरेथेन रंग मारला त्यांनाही पॉलियुरेथेनचीच शिक्षा भोगावी लागते, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे. शिवाय एरोथेनला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून मी पॉली-टोनवरच थांबलो.

पॉली-टोनचे तोटे आहेत. तो मंद दिसतो, आणि 100एलएल या विमानी पेट्रोलचे निळसर डाग टाकीच्या झाकणाभोवती धरतो. सांडलेलं लगेच पुसावं लागतं.

तुमचं गॅरेज घराला चिकटून असेल, घरात लहान मूल असेल, उन्हाळा मोकळा मिळत नसेल, तर मी स्ट्यूअर्टला नाही म्हणणार नाही. मात्र एक पंख रंगवण्याआधी जुन्या एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावर) सगळे थर देऊन बघा, आणि तेच एलेरॉन मुद्दाम फाडून दुरुस्तही करा. दुरुस्ती जमली तर खुशाल पुढे जा. बाकी सर्वांना, वेगळं शेड किंवा मोकळं अंगण असलेल्यांना, मी पॉली-फायबरकडेच ढकलेन. विमानात सीटमागे एक डबा ठेवायचा: फूटभर कापड, 2 इंची टेपेचं बंडल, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत पॉली-टॅक आणि पॉली-ब्रश, पावशेर एमईके धातूच्या बाटलीत, ब्रश, कात्री, ब्युटाइल हातमोजे. नदीकाठी इस्त्री नसते, तिथे ठिगळ हाताने ताणून चिकटवायचं आणि घरी आल्यावर सोडवून नीट करायचं. सोडवता येतं म्हणूनच ते चालतं.