किब्बरमधील होमस्टे : चार रात्रींच्या मुक्कामानंतर

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात काझा या गावाहून सुमारे 20 किलोमीटर वर, डोंगरमाथ्यावर, 4,200 मीटरच्या आसपास किब्बर वसले आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, मटारचा हंगाम उरकून जवाची कापणी चाललेली असताना, आम्ही पती-पत्नी तेथील एका कुटुंबाकडे चार रात्री राहिलो. खोली लहान, पण अतिशय स्वच्छ होती आणि दोन जाड रजयांमुळे थंडीचा त्रास झाला नाही. बुखारीभोवती (खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीभोवती) बसून घरच्यांबरोबर जेवायचे असते. थुक्पा (शेवयांचे गरम सूप) आणि तिंगमो (वाफवलेला पाव) आम्हांला फार आवडला. लोणी घातलेल्या खाऱ्या चहाची चव लागायला मात्र दोन दिवस गेले.

या घराने आम्हांला गाव समजावून दिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. शेजारच्या छोट्या घरात राहणाऱ्या आजी रोज संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसत. त्या वेगळ्या का राहतात, असे विचारल्यावर जुनी रीत कळली : घर व शेत थोरल्या मुलाकडे जाते, त्याचा संसार सुरू झाला की आईवडील ‘खांगचेन’ म्हणजे मोठे घर सोडून ‘खांगचुंग’ या लहान घरात जातात, आणि धाकटी मुले पूर्वी गोंपात म्हणजे बौद्ध मठात लामा होत. त्यामुळे शेतांचे तुकडे पडले नाहीत आणि बर्फाच्या पाण्यावर जितकी माणसे जगू शकतील तितकीच गावात राहिली. 2011 च्या जनगणनेत 13,835 चौरस किलोमीटरच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात अवघी 31,564 माणसे नोंदली गेली, या आकड्याचा अर्थ मला त्या चुलीपाशी उमगला. आता धाकटी मुले शिकायला आणि नोकरीला बाहेर पडतात, आणि पर्यटकांमुळे त्यांतील काहींना गावातच काम मिळते, असे यजमानांनी सांगितले.

अंघोळीला दर माणशी एक बादली गरम पाणी मिळते, आणि त्याहून अधिक मागू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण हेच पाणी कुलांमधून म्हणजे छोट्या पाटांमधून शेताला जाते. शौचालय कोरडे आहे. वापरानंतर माती व राख टाकायची असते आणि त्याचे खत पुढे शेतात जाते. दुर्गंधी जाणवली नाही, परंतु गुडघेदुखी असलेल्यांना उकिडवे बसणे कठीण जाईल.

यजमानांनी आम्हांला शेजारच्या चिचम गावाच्या पुलापर्यंत नेले. 2017 मध्ये तो खुला होण्यापूर्वी लोक त्या खोल घळीवरून दोरीच्या पाळण्यात बसून ये-जा करत. वाटेत त्यांनी हिमबिबट्याविषयीही मोकळेपणाने सांगितले : येथे 2002 पासून गावकऱ्यांची जनावरांसाठी विमा योजना आहे आणि मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई मिळू लागल्यापासून बिबट्यावरचा राग निवळत गेला.

तक्रार आहे ती आमची सहल आखणाऱ्या कंपनीविषयी. उंचीची सवय होऊ न देता तिने मनालीहून एकाच दिवसात आम्हांला थेट येथे आणले. पहिली रात्र पत्नीने डोकेदुखी आणि उलट्यांत काढली; घरच्या सूनबाई मध्यरात्रीपर्यंत तिच्या उशाशी बसून होत्या. शिमला-किन्नौर मार्गाने टप्प्याटप्प्याने यावे आणि काझाला किमान दोन रात्री थांबूनच वर चढावे. रोख रक्कम काझालाच काढून ठेवावी.