वयात येण्याच्या सिनेमाचं रेटिंग कुठल्या साइटवर बघायचं?

मारधाडीच्या किंवा भुताखेतांच्या सिनेमाचं रेटिंग बघून तिकीट काढलं तर सहसा फसगत होत नाही. आवडलेला आणि न आवडलेला, दोघंही साधारण एकच गोष्ट मोजत असतात. वयात येणाऱ्या मुलामुलींवरच्या हसऱ्या-हळव्या सिनेमाला मात्र एकाच रांगेतले तिघे तीन वेगळे सिनेमे बघून बाहेर पडतात. पंधरा वर्षांच्या मुलीला पडद्यावरची मुलगी दिसते, शेजारी बसलेल्या आईला पडद्यावरची आई दिसते आणि ट्रेलरमधले विनोद बघून आलेल्या तिसऱ्याचं म्हणणं असतं की मध्यंतरानंतर हसायला काहीच नाही. तिघंही खरं बोलतात. पण तिघांचा मिळून एकच आकडा काढला की तो कोणाचाच राहत नाही. म्हणून रेटिंगच्या साइट तपासताना इथे एकच कसोटी लावली आहे: आकड्यामागे कोण बोलतंय, ते कळतं का?

आधी रॉटन टोमॅटोज, कारण फॉरवर्ड होतो तो आकडा बहुतेक तिथलाच असतो. तिथला टक्का म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत, तो हात वर करून घेतलेला कौल आहे. समीक्षकांच्या टोमॅटोमीटरमध्ये प्रत्येक समीक्षेवर पसंत किंवा नापसंत असा एकच शिक्का पडतो. प्रेक्षकांच्या पॉपकॉर्नमीटरमध्ये पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे म्हणजे पसंत, तीन म्हणजे नापसंत. आता हिशोब करून बघा. शंभर जणांनी प्रत्येकी साडेतीन तारे दिले तर मीटर शंभर टक्के दाखवतो. दुसऱ्या सिनेमाला साठ जणांनी पाच आणि चाळीस जणांनी तीन तारे दिले तर मीटर साठवर, म्हणजे पॉपकॉर्नचा डबा जेमतेम उभा (साठच्या खाली तो सांडलेला दाखवतात). सरासरी मात्र पहिल्याची ३.५ आणि दुसऱ्याची ४.२. या जातीचे सिनेमे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतात. काहींच्या काळजाला हात घालतात, उरलेल्यांना ‘ठीक आहे’ वाटतात. त्यामुळे सगळ्यांना गोड लागणारा गुळमुळीत सिनेमा इथे वर जातो आणि धारदार सिनेमा मार खातो.

समीक्षकांच्या बाजूलाही हीच गोची आहे. २०१७ साली ‘लेडी बर्ड’ या मायलेकींवरच्या सिनेमाच्या दीडशेहून जास्त समीक्षा जमल्या तरी टोमॅटोमीटर शंभरावर होता. डिसेंबरात एका समीक्षकाने नापसंतीचा शिक्का दिला आणि शंभराचे नव्याण्णव झाले. सिनेमा वाईट आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं, चाललंय तेवढं कौतुक त्याला पटलं नव्हतं. दोनच खोके असले की ‘चांगला आहे, पण एवढाही नाही’ हे कुठे टाकणार?

साइटची एक सुधारणा मात्र कामाची आहे. मे २०१९पासून तिकीट घेतल्याची खात्री पटलेल्या प्रेक्षकांचे तारे वेगळे मोजले जातात, त्यामुळे न बघताच एक तारा ठोकणाऱ्यांच्या टोळधाडीला थोडा आळा बसला. मोबाइलवर टक्क्यावर टॅप केलं की सरासरी तारे दिसतात. टक्का सोडा, ती सरासरी बघा.

सिनेमास्कोर ही वेगळीच चीज. एड मिंट्झने १९७९ साली सुरू केलेली ही संस्था अमेरिका आणि कॅनडातल्या थिएटरांत, सिनेमा लागतो त्या पहिल्या रात्री, प्रेक्षकांच्या हातात कार्ड देते. ए प्लसपासून एफपर्यंतची श्रेणी, वय, स्त्री की पुरुष, सिनेमाला का आलात, असे मोजके प्रश्न. पहिल्या रात्री येणारा माणूस मुळात आवडीने आलेला असतो, म्हणून इथे मार्क सढळ पडतात. बी ऐकायला बरी वाटते, पण धंद्यात ती धोक्याची घंटा मानतात. अडचण अशी की कार्डावर लिहिलेली वयोगटाची माहिती, जी आपल्याला सर्वांत जास्त हवी, ती पैसे भरणाऱ्या स्टुडिओंकडे जाते. आपल्या वाट्याला एक अक्षर. शिवाय हे अक्षर जाहिरातीने जागवलेली अपेक्षा मोजतं. विनोदी म्हणून विकलेला सिनेमा तिसऱ्या अंकात गंभीर झाला की श्रेणी घसरते, मग तो भाग कितीही उत्तम असो. थेट ओटीटीवर आलेल्या सिनेमाला तर ही श्रेणीच नसते. ‘टर्निंग रेड’ हा वयात येणाऱ्या मुलीवरचा ॲनिमेशनपट २०२२मध्ये अमेरिकेत थिएटरला वळसा घालून डिस्ने प्लसवर आला. तिथे कार्ड वाटणार कोणाला?

आणि मुलांना थिएटरातच जाता आलं नाही तर? २०१८चा ‘एट्थ ग्रेड’ आठवीतल्या, तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत त्याला आर प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना सोबत पालक किंवा मोठं माणूस हवं. ज्यांची गोष्ट, तेच दाराबाहेर. वितरक ए-ट्वेंटीफोरने मग ८ ऑगस्ट २०१८ला प्रत्येक राज्यात एका थिएटरमध्ये वयाची अट न लावता फुकट खेळ ठेवले. अशा सिनेमाच्या सुरुवातीच्या प्रतिक्रिया वाचताना लिहिणारे बहुतांश मोठे आहेत हे धरून चाला. ‘अगदी आमच्या शाळेसारखं’ असं तिशीतला माणूस लिहितो तेव्हा तो आठवणीला मार्क देत असतो.

सिनेमांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी साइटबद्दल थोडक्यात. एक ते दहाचं माप, मतं भरपूर, पण दाखवलेला आकडा साधी सरासरी नसतो. मतांना वजन देऊन काढलेला असतो आणि वजन कसं देतात ते साइट उघड करत नाही. आकड्यावर क्लिक करून पट्ट्यांचा आलेख उघडा. सात-आठवर कुबड असेल तर सिनेमा सर्वसाधारणपणे आवडला आहे. दहा आणि एक या दोन्ही टोकांना उंच पट्ट्या असतील तर भांडण सिनेमाच्या बाहेरचं असण्याची शक्यता जास्त. मासिक पाळी, समलैंगिकता, धर्म, आईबापांना उलट बोलणं, यातलं काही कथेत असलं की एकची पट्टी हमखास वाढते. इथला पालकांसाठीचा विभाग आकड्यापेक्षा उपयोगी. शिवीगाळ, नग्नता, दारू-धूम्रपान अशी वेगवेगळी खाती असतात आणि बहुतेक ठिकाणी नेमका प्रसंग लिहिलेला असतो. फक्त प्रसंग वाचताना गोष्ट फुटते, तेवढं ध्यानात ठेवा.

बघितलेले सिनेमे नोंदवायच्या लेटरबॉक्स्ड साइटवर अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतचा आलेख सिनेमाच्या पानावरच दिसतो, शोधावा लागत नाही. खोड एकच: रिव्ह्यू लोकप्रियतेनुसार लागतात, त्यामुळे वर एका ओळीचे चटपटीत विनोद तरंगतात. ते वाचून सिनेमाबद्दल काडीचंही कळत नाही. क्रम बदलून अडीच ते साडेतीन तारेवाल्यांकडे जा. भारावलेलाही नाही आणि चिडलेलाही नाही असा माणूस तिथे सापडतो, आणि सिनेमा कुठे ढिला पडला ते तोच सांगतो. पुन्हा पाहिल्याची खूण असलेल्या नोंदी तर जरूर वाचा. एकाच माणसाच्या दोन नोंदी मिळाल्या आणि सतराव्या वर्षी मुलीची बाजू घेणारा पंचविशीत आईची बाजू घेताना दिसला, तर सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्याने दोन्ही पात्रांना पुरता न्याय दिला आहे असं समजायला हरकत नाही. एवढी नेमकी साक्ष कुठल्याच आकड्यात मिळत नाही.

कसोटीला सर्वांत जास्त उतरते ती मात्र सिनेमाप्रेमींमध्ये फारशी चर्चा नसलेली कॉमन सेन्स मीडिया. तिथे सिनेमा कितव्या वर्षापासून बघावा याचं साइटच्या समीक्षकाने सुचवलेलं वय असतं, पालकांनी सुचवलेलं वय वेगळं आणि मुलांनी सुचवलेलं आणखी वेगळं. तिन्ही शेजारी शेजारी. पालकांचं आणि मुलांचं वय जवळपास सारखं असेल तर सगळे मिळून बिनघोर बघा. दोन्हींत दोन-तीन वर्षांचा फरक असेल तर पालकांच्या प्रतिक्रिया उघडून नेमकं काय खटकलं ते वाचा. ‘टर्निंग रेड’च्या बाबतीत आक्षेप घेणाऱ्या पालकांचा रोख पाळीच्या उल्लेखावर आणि आईशी खोटं बोलण्यावर होता, चित्रण कसं आहे याबद्दल तक्रार कमी. असा आक्षेप वाचला की आपल्या घरात तो लागू होतो का, हे तिथल्या तिथे ठरवता येतं. उणिवाही आहेत. मुलांच्या नावाने लिहिणारं मूलच आहे याची खात्री नसते, छोट्या सिनेमांना प्रतिक्रिया तुरळक असतात आणि कलाकृती म्हणून सिनेमा कसा आहे यावर हे वाचक फारसे बोलत नाहीत.

आता वापरायचं कसं? मुलांसोबत बघायचं असेल तर आधी कॉमन सेन्सवरची तीन वयं, मग शंका उरलीच तर आयएमडीबीचा पालक विभाग. एकट्याने बघायचं असेल तर लेटरबॉक्स्डचा आलेख आणि मधल्या ताऱ्यांचे पाच-सहा रिव्ह्यू पुरतात. महोत्सवात लिहिलेल्या पहिल्या प्रतिक्रिया बाजूला ठेवा, त्या टाळ्यांच्या गजरात लिहिलेल्या असतात. सिनेमा सगळीकडे लागल्यावर दोन आठवडे जाऊ द्या. आणि रिव्ह्यूत ‘काही घडतच नाही’ हे वाक्य दिसलं की लगेच पान बंद करू नका. त्याच माणसाने आधी कुठल्या सिनेमांना पाच तारे दिलेत ते त्याच्या नावावर क्लिक करून बघा. यादीत सगळे पाठलाग आणि स्फोट असतील तर त्याची तक्रार खरी आहे, फक्त तुमच्या कामाची नाही.