झेपेलिन डोंगरावरचा हिवाळा: कोणतं सामान टिकलं, कोणतं नाही

हा अनुभव उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातल्या न्यू-ऑलेसुन्द या गावाचा आहे, अक्षांश ७८°५५′ उत्तर. खाली गावात २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन स्थानक आहे. वर झेपेलिन डोंगरावर, सुमारे ४७५ मीटरवर, नॉर्वेची वातावरण वेधशाळा आहे आणि तिथे रोपवेने जावं लागतं. डिसेंबर २०२३ पासून गोव्याचं एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) हिवाळ्यातही तुकड्या पाठवतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे लोक पहिल्या तुकडीत होतेच. त्यामुळे सामानाबद्दल इकडून बरीच विचारणा होते.

खरेदी करताना ‘उणे ४० पर्यंत चालेल’ या लेबलाला भुलू नका. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे उणे २० च्या आठवड्यानंतर ऐन जानेवारीत पाऊस पडू शकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं काचेसारखं गोठतं. इथे वस्तू वाया जातात त्या बहुतेक ओलाव्याने. घाम, श्वासाची वाफ, ढगातले थेंब, आत-बाहेर करताना धरणारं दव, या सगळ्यांशी कशी वागते यावरच वस्तूची किंमत ठरवा.

बूट. आतलं लोकरी किंवा फेल्टचं अस्तर सुटं निघणारं हवंच. न निघणारं अस्तर रात्रभरात सुकत नाही, आणि ओल्या बुटात दुसऱ्या दिवशी पाय तासाभरात बधिर होतो. अस्तराचे दोन जोड ठेवा, एक पायात, एक सुकायला. माप एक नंबर मोठं घ्या. घट्ट बुटात तीन मोजे चढवले तर रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतो. इथे बहुतेक इमारतींत दारातच बूट काढायचा रिवाज आहे, कोळसा खाणींच्या काळापासूनचा. म्हणून लांबलचक नाड्यांपेक्षा झटकन उघडणारे बूट बरे, आणि आत घालायला सपाता न्याव्यात. पावसानंतर गोठलेल्या रस्त्यासाठी बुटावर चढवायचे खिळे लागतात. रबरी पट्ट्यावरच्या तारेच्या वेटोळ्यांपेक्षा पोलादी टोकांचे घ्या. कठीण बर्फावर वेटोळी घसरतात.

हातांसाठी एकच भारी जोड घेण्यात अर्थ नाही. आत पातळ लोकरी हातमोजे, वर वारा अडवणारे, बोटं वेगळी नसलेले मोठे मोजे, आणि ते मनगटाला दोरीने बांधलेले. स्क्रू फिरवताना वरचे काढायचे, आतले कधीच नाही. उणे १५ ला ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २७ सारखं लागतं, त्यात नंगा हात धातूला लावू नये. हात गरम करणाऱ्या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्यातून ऊब येते. घट्ट मोज्यात हवा पोचत नाही, मग पुडी थंडच राहते. आधी खिशात दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवून तापवा, मगच आत सरकवा.

सर्वात जास्त वेळ खातं ते इनलेटवरचं, म्हणजे मोजमापासाठी बाहेरची हवा यंत्रात ओढणाऱ्या छपरावरच्या पाइपच्या तोंडावरचं बर्फ. माथा बऱ्याचदा ढगात असतो. ढगातले थेंब शून्याखालीही पाणीच राहतात आणि पाइपला, तारेला, कठड्याला आदळताच जागीच गोठतात. थर वाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने वाढत जातो. इनलेट तापवणारी तार असली तरी टोपीची कड आणि जाळी आधी बुजते. प्रवाहाचा आकडा हळूहळू घसरू लागला आणि पंपावरचा ताण वाढला, तर यंत्र उघडण्याआधी छपरावर बघा. झाडायला नायलॉनचा ब्रश वापरा. धातूच्या खरवडणीने टोपी ओरखडते आणि त्या ओरखड्यांवर पुढचा थर आणखी घट्ट धरतो. बर्फ वितळवायला स्पिरिट मारायचा मोह टाळा, त्याची वाफ थेट मोजमापात जाते. छपरावर उभं राहायचं ते इनलेटच्या वाऱ्याखालच्या बाजूला. श्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा सुमारे शंभर पट असतो आणि आलेखात त्याचा टोकदार काटा दिसतो. वर गेल्याची-उतरल्याची वेळ नोंदवहीत लिहाच. महिन्याभराने तो काटा कुणाचा हे आठवून सापडत नाही.

आतला त्रास नेमका उलटा. उणे १५ ची हवा खोलीत २० अंशांवर आली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांखाली जाते. मग अंगावर स्थिर वीज साठते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय सर्किट बोर्डला हात लावू नका. लोकरी स्वेटर घालून तर नाहीच. कॅमेरा किंवा लॅपटॉप बाहेरून आणताना दाराबाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत काही तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

बॅटऱ्यांत एकदाच वापरायच्या लिथियम एए उत्तम, उणे ४० पर्यंत चालतात. साध्या अल्कलाइन उणे २० ला लवकर मान टाकतात. लिथियम-आयन शून्याखाली चार्ज करू नका. आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. हेडलॅम्पची बॅटरी वायरने जोडून कोटाच्या आत ठेवता येत असेल तर तोच घ्या, आणि त्याला लाल दिवा हवा. पीव्हीसीच्या वायरी वाकवताना तडकतात, सिलिकॉनच्या मऊ राहतात. साधे केबल टाय काडीसारखे मोडतात, त्यांच्याऐवजी वेल्क्रो पट्ट्या वापरा.

ब्लूटूथ इयरफोन, वायरलेस माउस, स्मार्ट घड्याळ घरीच ठेवा. गावातल्या रेडिओ दुर्बिणीसाठी २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये प्रसारणाला बंदी आहे आणि वायफाय-ब्लूटूथ त्यातच येतात. फोन फ्लाइट मोडवर, माउस वायरचा.

गावाबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलासाठी रायफल आणि सिग्नल पिस्तूल लागतं, त्याचं प्रशिक्षण तिथेच मिळतं. रायफल उबदार खोलीत आणून लगेच परत बाहेर नेऊ नका. बोल्टमध्ये दव धरून गोठतं आणि ऐन वेळी तो हलत नाही. जाड तेल पुसून अगदी पातळ थर ठेवायचा.

चेहऱ्यासाठी खोबरेल तेल नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ते २४ अंशांखालीच थिजतं. पेट्रोलियम जेली सोयीची, आणि तिचीही डबी आतल्या खिशात ठेवायची.