ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन: मॅन्युअलच घ्या राव
घरचे सगळे ७ स्पीड डीसीटी, म्हणजे ऑटोमॅटिक, घे म्हणत होते, पॅडल शिफ्टर (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या) पण मिळतात म्हणून, पण मी ६ स्पीड मॅन्युअलवरच अडून बसलो आणि परवा कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात ते परत एकदा पटलं. वळणाआधी ब्रेक, क्लच, थर्डवरनं सेकंड, गिअर खट्कन बसलेला तळहाताला कळतो, आणि १७२ एनएम टॉर्क (इंजिनची ओढ) १५०० आरपीएमपासनंच असल्यामुळं गाडी वळणातनं अशी निघते की बास! इंजिन १ लिटर टर्बो, १२० पीएस, मला भरपूर आहे.

मित्राची एक पॅडलवाली गाडी पण याच घाटात चालवलीय. शिफ्ट माझ्या हातापेक्षा कितीतरी फास्ट, मान्य, पण स्टिअरिंग फिरलं की पॅडल पण फिरतात, ऐन वळणात बोटं चाचपडतात, आणि रेडलाइनला (इंजिनच्या आरपीएमची कमाल मर्यादा) गेली की गाडी स्वतःच वरचा गिअर टाकते, मग मी तिथं करतोय काय?

साताऱ्यात पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमधे डावा पाय भरून येतो, तेवढं सोसावं लागतं.

२०२१ ला एन लाइन आली तेव्हा क्लच पेडल नसलेला आयएमटी (गिअर हातानं, क्लच आपोआप) होता, खरा मॅन्युअल २०२३ च्या फेसलिफ्टला आला, मी त्यासाठीच थांबलेलो.