सरकारी अभियोक्त्याचे निवृत्तिवेतन : एका लाभार्थ्याचा अभिप्राय

एखाद्या वस्तूचा किंवा सेवेचा अभिप्राय लिहिताना ती आपण किती दिवस वापरली हे सांगण्याची पद्धत आहे. मी १९९७ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून रुजू झालो आणि जून २०२२ अखेर अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून निवृत्त झालो. पंचवीस वर्षे नोकरी करून ज्याची किंमत चुकती केली ते निवृत्तिवेतन आता माझ्या खात्यावर दरमहा जमा होते. या सेवेचा दर्जा कसा आहे, तिच्यात काय उत्तम आहे, काय खटकते आणि माझ्यानंतर आलेल्यांच्या वाट्याला तिच्याऐवजी काय आले, हे या व्यवसायाकडे वळणाऱ्या तरुण वकिलांना ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहे. पाचपैकी गुण द्यायचेच झाले, तर जुन्या योजनेला साडेचार आणि ती मिळवून देणाऱ्या कार्यालयीन यंत्रणेला दोन.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायालयात सरकारच्या बाजूने उभा राहणारा प्रत्येक काळा कोट सरकारी नोकर असतो, अशी पक्षकारांची सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक महाराष्ट्रात या कोटांचे दोन वर्ग आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात खटले चालवणारा सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगामार्फत निवडला जातो, गृह विभागाखालील अभियोग संचालनालयाच्या आस्थापनेवर असतो आणि त्याला निवृत्तिवेतनाचे नियम लागू होतात. सत्र न्यायालयातील जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता मात्र खाजगी वकिली करणाऱ्यांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात, त्यांना शुल्क मिळते, आणि मुदत संपली की कागदोपत्री त्यांचा सरकारशी संबंध उरत नाही. खुनाचे आणि दरोड्याचे खटले बहुतांशी ते चालवतात, जन्मठेपेची मागणी ते करतात, आणि म्हातारपणी त्यांच्या हाती निवृत्तिवेतनाचा एक रुपयाही येत नाही. ही नेमणूक आहे, नोकरी नव्हे, हा त्यावरचा कायदेशीर युक्तिवाद मला मान्य आहे. पण वीस-वीस वर्षे मुदतवाढीवर काम केलेले वकील मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासमोर तो युक्तिवाद करण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

आमचा संवर्गही काही आपोआप उभा राहिलेला नाही. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तरी खालच्या न्यायालयांत फिर्याद चालवणारी मंडळी पुढेही बराच काळ पोलीस खात्याच्या अधिपत्याखालीच होती. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली राज्याला स्वतंत्र अभियोग विभाग आणि स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी नोकरीत आलो. आमच्या ज्येष्ठांनी मिळवलेल्या त्या स्वातंत्र्याची चर्चा नेहमी खटल्यांच्या अंगाने होते. माझ्या मते निवृत्तिवेतन हाही त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे, कारण म्हातारपणाची सोय झालेला माणूस दोषारोपपत्रातील उणीव तपास अधिकाऱ्याला तोंडावर सांगू शकतो.

आता मूळ सेवेकडे वळतो. माझ्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, एवढे त्याचे सार आहे. अभियोक्त्यांच्या दृष्टीने येथे एक बारकावा फार मोलाचा ठरतो. आमच्या पदाच्या जाहिरातीत पाच वर्षांच्या वकिलीची अट असते. परीक्षा, मुलाखत, निकाल आणि नेमणूक यांत आणखी काळ जातो. त्यामुळे बहुतेक जण तिशी ओलांडूनच रुजू होतात. वकिलीची ती वर्षे सेवेत धरली जात नाहीत. पूर्वी पूर्ण निवृत्तिवेतनासाठी तेहतीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा लागत असे, म्हणजे आमच्यापैकी जवळजवळ कोणालाच ते पूर्ण मिळणे शक्य नव्हते. सहाव्या वेतन आयोगानंतर ही अट वीस वर्षांवर आली आणि उशिरा नोकरीत आलेल्या आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच खरा न्याय मिळाला. हा बदल झाला नसता, तर माझे निवृत्तिवेतन सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले असते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून माझे अखेरचे मूळ वेतन एक लाख रुपये धरतो. प्रत्यक्ष आकडा त्याच्या आसपासच होता. त्याचे निम्मे पन्नास हजार. त्यातील ४० टक्के, म्हणजे वीस हजार, मी अंशराशीकरणासाठी, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्यासाठी, दिले. पुढील वाढदिवसाच्या वयानुसार ५९ वर्षांसाठी कोष्टकातील गुणक ८.३७१ असल्याने २० हजार गुणिले १२ गुणिले ८.३७१ या हिशेबाने २० लाख ९ हजार ४० रुपये एकरकमी मिळाले. महागाई भत्ता कपातीनंतर उरलेल्या तीस हजारांवर न मिळता मूळ पन्नास हजारांवर मिळतो, ही गोष्ट अनेकांना निवृत्त होईपर्यंत माहीत नसते. तेव्हाच्या ३४ टक्के दराने तो सतरा हजार झाला, म्हणजे दरमहा हाती सत्तेचाळीस हजार.

अंशराशीकरण घ्यावे की नाही, यावर बार रूमच्या चहावर अनेक वाद झडलेले मी ऐकले आहेत. दरमहा वीस हजारांची कपात पंधरा वर्षे चालते, म्हणजे एकूण छत्तीस लाख परत जातात. कर्ज म्हणून पाहिले तर त्यावर साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. तरीही मी ते घेतले, कारण निवृत्तिवेतनधारकाचा मध्येच मृत्यू झाल्यास उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनही त्यामुळे घटत नाही. कोणतीही बँक असे कर्ज देणार नाही. मुलीचे शिक्षण पूर्ण झालेले, घराचे हप्ते फिटलेले आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर मात्र कमी टक्के घेणे शहाणपणाचे.

उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, बाबतीत मी थोडा दुर्दैवी ठरलो. पंचवीस वर्षांच्या सेवेला साडेबारा महिन्यांचे वेतन, तेही महागाई भत्त्यासह, म्हणजे माझा आकडा १६ लाख ७५ हजार होत होता. त्या वेळची कमाल मर्यादा १४ लाखांची होती, त्यामुळे पावणेतीन लाख कागदावरच राहिले. पुढे १ सप्टेंबर २०२४ पासून राज्याने ही मर्यादा २० लाख केली. माझ्यापेक्षा सव्वादोन वर्षांनी निवृत्त झालेल्या मित्राला पूर्ण रक्कम मिळाली आणि त्याने मला जेवायला बोलावले. जेवण उत्तम होते.

ज्या यंत्रणेला मी दोनच गुण दिले तिची कहाणी अशी. निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून प्रकरणाची तयारी करावी आणि सहा महिने आधी ते महालेखापालांकडे पाठवावे, असे नियम सांगतात. आमच्या नोकरीत मात्र बदल्या पाठ सोडत नाहीत; २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. माझे सेवापुस्तक माझ्यामागे आठ ठिकाणी फिरले. त्यातल्या एका कार्यालयात २००३ सालच्या अर्जित रजेची नोंद सुटली आणि दुसऱ्या एका कार्यालयात वेतन पडताळणी झाल्याचा शिक्काच राहिला. ज्याने आयुष्यभर साक्षीदारांच्या जबाबातील विसंगती दाखवली, त्याच्याच सेवापुस्तकात दोन पानांचा मेळ बसेना. वीस वर्षांपूर्वीचा रजेचा आदेश मी घरच्या ट्रंकेतून काढून दिला, तेव्हा संबंधित लिपिकाने "साहेब, कार्यालयीन प्रत हवी" असे शांतपणे सांगितले. पुराव्याच्या कायद्यातील दुय्यम पुराव्याच्या तरतुदी त्याला समजावून सांगण्याचा मोह मी आवरला.

परिणामी पहिले तीन महिने काहीच मिळाले नाही, चौथ्या महिन्यात तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू झाले आणि निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे आपल्या बोलण्यातला पीपीओ, सातव्या महिन्यात हाती आला. थकबाकी मात्र पै-पैसह मिळाली. प्रशासकीय कारणाने झालेल्या विलंबासाठी व्याज देण्याची तरतूद नियमांत आहे. तसा अर्ज मी केला असून त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. सेवेत असलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे की दुय्यम सेवापुस्तक मागून घ्यावे, दर बदलीच्या वेळी कार्यमुक्त होण्यापूर्वी मूळ पुस्तकातील नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात आणि प्रत्येक आदेशाची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवावी. निवृत्तीनंतर यंत्रणेला तोंड द्यावे लागते ते फक्त नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्यासाठी, आणि जीवन प्रमाण ही सुविधा २०१४ पासून आल्यामुळे तेही आता बोटाच्या ठशावर भागते. कोर्टात उभे राहून बोटांची रेषा झिजत नाही, त्यामुळे माझा ठसा पहिल्या प्रयत्नातच जुळतो.

ही झाली जुन्या योजनेची बाब. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना ही योजना लागू नाही. त्यांच्यासाठी आधी परिभाषित अंशदान योजना आली आणि १ एप्रिल २०१५ पासून तिचे रूपांतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत झाले. कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, शासनाचा वाटा आधी तेवढाच होता आणि एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला. ही मी वापरलेली सेवा नाही; परंतु माझ्याबरोबर काम केलेला एक सहकारी २०११ मध्ये चौतिसाव्या वर्षी रुजू झाला, आणि त्याची विवरणपत्रे आम्ही दोघांनी मिळून अनेकदा तपासली आहेत. वेतनातून कपात झाली पण खात्यावर दिसत नाही, असे दोन महिने त्याच्या २०१३ च्या बदलीच्या काळात सापडले. आमच्या योजनेत सुटलेली नोंद उशिरा का होईना भरून निघते. त्याच्या योजनेत सुटलेल्या महिन्यावरचा परतावाही सुटतो.

मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. ही योजना दीर्घकाळ साठत जाणाऱ्या रकमेवर उभी आहे, आणि अभियोक्त्याजवळ नेमका काळच कमी असतो. बावीस वर्षांचा लिपिक छत्तीस वर्षे पैसे साठवतो, आमचा माणूस चोवीस. समजा निवृत्तीच्या दिवशी ऐंशी लाख जमले. त्यातील किमान ४० टक्के, म्हणजे बत्तीस लाख, वार्षिकीत, म्हणजे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत, गुंतवावे लागतात. वार्षिकीचा दर साडेसहा टक्के धरला तर दरमहा सतरा हजार तीनशेच्या आसपास मिळतील, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. उरलेले अठ्ठेचाळीस लाख हाती येतात हे खरे, पण ते कुठे गुंतवायचे, किती खर्चायचे आणि आपण किती वर्षे जगणार, याचा अंदाज त्यानेच करायचा.

मार्च २०२३ मधील संपानंतर परिस्थिती थोडी बदलली. नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांना उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा लाभ मान्य झाला. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी योजना निवडण्याची एकवेळची संधी दिली. आयोगाच्या जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत लागणारा काळ पाहता हा निर्णय योग्यच होता. उमेदवाराने विलंब केलेला नसताना त्याचे म्हातारपण त्या विलंबावर का ठरावे? पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी तीत आहे, पण केंद्राच्या आराखड्यात त्यासाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते. माझ्या सहकाऱ्याची सेवा चोवीस वर्षे भरते. तेहतिसावरून विसावर आलेली अट पुन्हा पंचविसावर गेली की तिचा फटका नेमका कोणाला बसतो, हे ठरवणाऱ्यांनी अभियोक्त्यांची ज्येष्ठता यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. फरक वेतनाच्या दोन टक्क्यांचाच पडेल, पण तो पाच वर्षांच्या वकिलीच्या अटीमुळे पडेल.

एक जमेची बाजू दोन्ही योजनांतील लोकांना सारखीच आहे. निवृत्त अभियोक्त्याजवळ सनद असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सरकारी अभियोक्ता हा नोकरीत असतानाही वकीलच असतो, असे मानले. मग निवृत्तीनंतर तर प्रश्नच नाही. माझे काही सहकारी आता बचाव पक्षातर्फे उभे राहतात आणि चांगले कमावतात. मी आठवड्यातून दोन दिवस विधी सेवेच्या प्रकरणांत मोफत काम करतो, कारण सत्तेचाळीस हजारांवर वाढत गेलेल्या महागाई भत्त्यात आमचे दोघांचे भागते. माझा सहकारी मात्र निवृत्तीनंतर कोणत्या तालुक्यात वकिली जमेल याची चौकशी आत्तापासून करीत आहे, आणि २०१३ च्या त्या दोन महिन्यांसाठीचे त्याचे चौथे स्मरणपत्र गेल्या आठवड्यात रवाना झाले आहे.