मालदीवचं पॅकेज, ‘कन्फर्म’ बुकिंग आणि आमचे 2,20,860 रुपये

2,20,860 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण नातेवाईकांत विषय निघाला की नवरा "गेले पन्नासेक हजार" म्हणून मोकळा होतो आणि मी बाजूला बसून दात ओठ खाते. पन्नास नाही. दोन लाख वीस हजार आठशे साठ.

आता लगेच कोणी म्हणेल की इन्स्टावरचं स्वस्त पॅकेज घेतलं असणार, अॅडव्हान्स दिला, फोन बंद. तसलं काही नाही. ते प्रकार मलाही माहितीयेत, रोज पेपरात असतात. म्हणूनच तर ओळखीतून गेलो. ऑफिसमधल्या मैत्रिणीची बाली ट्रिप ह्याच ट्रॅव्हल एजंटने करून दिलेली, एकदम व्यवस्थित, हॉटेल फोटोत होतं तसंच. त्याचा पुण्यात गाळा आहे, लेटरहेडवर जीएसटी नंबर आहे, नवरा कामानिमित्त तिकडे गेला होता तेव्हा मुद्दाम जाऊन बघून आला, दोन मुली हेडफोन लावून बसलेल्या, ह्याने चहा पाजला, "दादा, वहिनींना सांगा निर्धास्त राहा" वगैरे. अजून काय बघायचं असतं माणसाने? आणि रेटही काही हसण्यासारखा नव्हता. बाकीच्यांचं कोटेशन 2 लाख 30 हजारापासून अडीच लाखापर्यंत, ह्याचं 1,92,000. तिघांचं, चार रात्री, रिसॉर्ट, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, माले ह्या राजधानीहून स्पीडबोटने जाऊन येऊन. ऑक्टोबरमध्ये तिकडे पावसाचं शेपूट असतं म्हणून ऑफ सीझन रेट मिळतो म्हणाला, आणि ते खरंही आहे. हीच तर खरी गंमत आहे, तो जे जे बोलला त्यातलं निम्म्याहून जास्त खरं होतं.

विमानाची तिकिटं तर म्हणाला तुम्हीच काढा, त्यात मी मार्जिन ठेवत नाही. आम्हाला वाटलं किती सरळ माणूस. आम्ही मुंबई-माले थेट तिकिटं काढली, तिघांचे 71,400, नॉन रिफंडेबल, 25 ऑक्टोबरची, भाऊबीज उरकून. आज कळतंय त्यात सरळपणा नव्हता, खोटं तिकीट दोन मिनिटांत एअरलाइनच्या साइटवर पकडलं जातं, रिसॉर्टचं बुकिंग तसं पकडता येत नाही.

पैशांचा हिशोब असा. पॅकेज 1,92,000. त्यावर टीसीएस, म्हणजे परदेशी पॅकेज विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आयकर, तेव्हाच्या 5% दराने 9,600. ग्रीन टॅक्स, म्हणजे मालदीव सरकारचा पर्यटकांवरचा कर, माणशी रोजचे 12 डॉलर, तिघांचे चार रात्रींचे 144 डॉलर, ह्याने 90 रुपयांनी लावले म्हणजे 12,960. आणि "व्हिसा आणि इमुगा प्रोसेसिंग" माणशी 2,100 म्हणजे 6,300. दिले तीन वेळा मिळून, आधी 25,000 यूपीआयने, मग 75,000 यूपीआयने, आणि शेवटचे 1,20,860 बँकेतून. यूपीआय करताना वर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. विचारलं तर म्हणे मिसेस, प्रोप्रायटर त्याच आहेत. अशा कितीतरी धंद्यांत बायकोच्या नावावर सगळं असतं, आमच्या किराणावाल्याचंही आहे, त्यामुळे त्यात वावगं वाटलं नाही. पण तुम्ही नका करू. पैसे ज्या नावाने पावती आहे त्याच नावाच्या खात्यात, नाहीतर नाही. आणि जमलं तर क्रेडिट कार्डानेच भरा, वर दोन टक्के घेतो म्हणाला तर घेऊ दे, निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, तरी मागता येतो.

व्हिसाचं सांगते, कारण त्या 6,300 रुपयांनी माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. मालदीवला व्हिसाची फी नाही. उतरल्यावर मिळतो, फुकट. इमुगा म्हणजे त्यांच्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म, तोही फुकट, आणि तो पोचायच्या आधीच्या 96 तासांतच भरायचा असतो. म्हणजे ज्या फॉर्मची खिडकीच 21 ऑक्टोबरच्या आसपास उघडणार त्याचं प्रोसेसिंग ह्या माणसाने ऑगस्टमध्ये केलं! गूगलवर शोधलं तर इमुगासाठी पैसे घेणाऱ्या साइटपण हुबेहूब सरकारी दिसतात, सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट एमव्ही असतं, तेवढं बघा.

आता तो मेल. हा मेल मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय.

दुसरा हप्ता गेल्यावर एजंटने रिसॉर्टचं कन्फर्मेशन पाठवलं, बुकिंग नंबरसकट. मी काही भोळी नाही, मी त्या रिसॉर्टच्या वेबसाइटवरून त्यांचा मेल आयडी घेतला, एजंटने दिलेला नाही, आणि थेट विचारलं की हा नंबर खरा आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर. नावं बरोबर, तारखा बरोबर, खोलीचा प्रकार बरोबर, बुकिंग कन्फर्म आहे, तुमची वाट बघतोय. आणि खाली एक ओळ, की रक्कम एजंटकडून येणं बाकी आहे, आगमनाच्या 30 दिवस आधी ती भरायची आहे, तोपर्यंत बुकिंग विनाशुल्क रद्द करता येईल.

वाचली होती मी ती ओळ. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली होती, तो शर्टाला इस्त्री करत होता, "अगं ते लोक आपापसात उधारीवर चालतात" म्हणाला. एजंटला फोन केला तर शब्द न शब्द तेच, "ताई, आमचं क्रेडिट असतं, महिन्याच्या शेवटी सेटल होतं." आणि मी त्याच संध्याकाळी 1,20,860 पाठवले. त्याच संध्याकाळी! बुकिंग खरं निघालं ह्या आनंदात. कन्फर्म म्हणजे पैसे भरलेले, हे मी कुठून धरून बसले? आपल्याकडे रेल्वेचं तिकीट कन्फर्म म्हणजे कन्फर्मच ना, त्यात पैसे बाकी असतात का कधी? हॉटेलचं तसं नसतं. कोणीही कोणाच्याही नावाने एक रुपया न भरता खोली धरून ठेवू शकतो आणि नंतर सोडून देऊ शकतो. रिसॉर्टला मेल कराल तेव्हा बुकिंग आहे का असं विचारूच नका, पूर्ण पैसे तुम्हाला मिळालेत का एवढंच विचारा, आणि उत्तर "हो" असं लेखी आल्याशिवाय एजंटला शेवटचा हप्ता देऊ नका.

ऑक्टोबर उजाडल्यावर एजंट फोन कमी उचलायला लागला, "दिवाळीचा सीझन आहे ताई" वगैरे. स्पीडबोटसाठी फ्लाइटची वेळ कळवावी लागते म्हणून 16 तारखेला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मीच रिसॉर्टला मेल टाकला. उत्तर आलं, अतिशय सभ्य भाषेत, की हे बुकिंग एजंटने 22 सप्टेंबरला रद्द केलं आहे. 22 सप्टेंबर म्हणजे घटस्थापना. मी त्या सकाळी घट बसवत होते आणि हा आमची खोली सोडत होता, 30 दिवसांची मुदत संपायच्या तीन दिवस आधी. त्याच दिवशी त्याने मला देवीचा फोटो पण पाठवला होता. आता त्याच खोलीचा भाव किती विचारलं तर 380 डॉलर रात्रीचे प्लस प्लस, त्या प्लस प्लसमध्ये 10% सर्व्हिस चार्ज आणि 17% तिकडचा जीएसटी, ग्रीन टॅक्स आणि बोट वेगळी. ते गणित केल्यावर कळलं की 1,92,000 मध्ये हे बसतच नव्हतं. कोटेशन आल्यावर हे गणित करायचं असतं, रिसॉर्टच्या साइटवर सगळं लिहिलेलं असतं. पण कोण करतं?

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. पण तिथे पैसे वाटेत अडवण्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि आमचे पैसे जाऊन दोन महिने झालेले. ते ठीक आहे, समजू शकते. पुढचं मात्र समजू शकत नाही.

पोलिस स्टेशनला गेलो. पहिला प्रश्न, ओटीपी कोणी मागितला होता का. नाही. लिंक पाठवली होती का. नाही. पैसे तुम्हीच पाठवले ना? हो. "मग मॅडम ही फसवणूक कशी?" मी म्हटलं साहेब, मग ह्याला काय म्हणतात तुम्हीच सांगा. तर म्हणे सिव्हिल मॅटर, ग्राहक कोर्टात जा. वर दिवाळीचा बंदोबस्त आहे, नंतर या. नंतर गेलो तर दुसरे साहेब, त्यांनी परत पहिल्यापासून ऐकलं, मग म्हणाले ऑफिस पुण्यात आहे ना, मग हद्द पुण्याची. पुण्यात गेलो, नवऱ्याची रजा, माझी रजा, तिथे म्हणे पैसे कुठून पाठवले, घरून ना, मग गुन्हा तिकडे घडला! ह्या दोघांना एका खोलीत बसवावं आणि बाहेरून कडी लावावी असं वाटलं. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या जागी जो नवा कायदा आलाय, बीएनएसएस, त्याच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, पोलिसांना तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी ते प्रिंट काढून नेलं. ठाणे अंमलदाराने कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिला. म्हणाला 420 असं लागत नाही. 420 आता राहिलंच नाही, आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचं 318 आहे, हे मी, एक शाळेतली क्लार्क, त्याला सांगतेय. शेवटी अर्ज घेतला. एफआयआर नाही, अर्ज. त्यावर इनवर्डचा शिक्का मारायला पण तीनदा मागावं लागलं, म्हणे शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. शिक्क्याशिवाय अर्ज देऊन येऊ नका, नंतर "असा अर्ज आलाच नाही" म्हणतात. मग कलम 173 च्या पोटकलम 4 प्रमाणे वरिष्ठांना पोस्टाने पाठवला, रजिस्टर्ड. पोचपावती आली. उत्तर अजून यायचंय.

बँकेची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या बँकेत मॅनेजर बाई म्हणाल्या ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दिसतंय. हो बाई, सक्सेसफुलच झालंय, तेच तर दुःख आहे.

आणि टीसीएस! नवरा अकाउंट्समध्ये, वीस वर्षं दुसऱ्यांचे रिटर्न भरतो. एजंटने पावतीवर टीसीएस 9,600 लिहिलं, ह्याने टॅन, म्हणजे असा कर गोळा करणाऱ्याचा आयकर खात्याचा नंबर, विचारला नाही. आयकर खात्यात आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26एएस मध्ये ते आलंच नाही, टीसीएसचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 27डी मिळालाच नाही, म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेलेही खिशातच गेले. ह्यावर घरात बोलायचं नाही असं ठरलंय. परदेशी पॅकेजवर कोणी टीसीएस मागितला की आधी टॅन मागा, चोराला तिथेच घाम फुटतो.

तिकिटं फुकट जाऊ द्यायची नाहीत म्हणून गेलो, लोकांना वाटतं मजा केली. माफुशीला राहिलो, गावाच्या बेटावर, साध्या गेस्टहाउसमध्ये, मालेहून अर्ध्या तासाची स्पीडबोट. ते स्वतःच वेबसाइटवरून बुक केलं, पैसे तिथे पोचल्यावर दिले. ग्रीन टॅक्ससुद्धा तिथेच, आणि पन्नासपेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला तो 6 डॉलर असतो, 12 नाही. विमानतळावर इमिग्रेशनच्या मुलाने इमुगाचा क्यूआर बघितला, परतीचं तिकीट बघितलं, हॉटेल विचारलं, पासपोर्टवर शिक्का मारला. किती पैसे असं मी स्वतःहून विचारलं. तो हसला, काही नाही म्हणाला. लेक म्हणाली, आई, चल ना, मागे लाईन आहे.

ग्राहक आयोगात ई-जागृती ह्या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाकलीय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे हद्दीचा तमाशा निदान तिथे नाही. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, एजंट "डिलीट फॉर एव्हरीवन" करायला विसरत नाहीत, आमच्याने तर आधीचे सगळे व्हॉइस मेसेज जमतील तेवढे उडवले. त्याच खात्यात पैसे भरलेली अजून दोन कुटुंबं सापडलीत, एक नाशिकचं, त्यांचे 1,64,000 व्हिएतनामचे, दुसऱ्यांना आकडा सांगायची लाज वाटते. लाज कसली, लाज त्याला वाटू दे. गाळ्याला आता कुलूप आहे, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो भाडं त्याचंही थकलंय.