बँकेचं ॲप: कुलूप पक्कं, पण आधी ते सापडलं पाहिजे

एकतीस वर्षं मी विजेच्या बिलिंगमध्ये काढली, आधी मंडळात, मग महावितरणमध्ये. थकबाकीदाराची वीज तोडायची तर वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि माझ्याच घरात 'आज रात्री 9.30 ला लाईट कट होईल' या मेसेजला आमची ही फसली. दिव्याखाली अंधार!

मी दुपारचा आडवा झालो होतो. हिने मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला. तिकडच्या 'साहेबां'नी व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवलं, बिल अपडेट करायला फक्त 10 रुपये भरा म्हणाले. हिने कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. ओटीपी मात्र कुणाला सांगितला नाही, हे ती अजून ठासून सांगते. खरंच आहे ते. त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिली होती, त्यामुळे ओटीपी परस्पर तिकडे पोचला.

खातं दोघांचं आहे आणि बँकेचं ॲप माझ्या फोनवर. टिंग वाजलं, बघतो तर 4,900 गेलेले. व्यवहारांची यादी उघडली तर त्याच्या आधी दोनदा 49,000 चा प्रयत्न, दोन्ही नामंजूर. कारण दिवाळीला मुलगा आला होता, त्याने दोन्ही कार्डांना ऑनलाईन खरेदीची रोजची मर्यादा 5,000 घालून ठेवली होती आणि परदेशी व्यवहार बंद केले होते. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, 'कशाला हा उद्योग?' कार्ड असं चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2020 पासून आहे. मला पत्ताच नव्हता. यासाठी ॲपला पैकीच्या पैकी.

आता वाईट. कार्ड बंद करायचं बटण कुठे असावं? पहिल्या पानावर कर्जाची जाहिरात, त्याखाली विम्याची. बटण 'सेवा विनंती', मग 'कार्ड', मग 'व्यवस्थापित करा' याच्या पोटात. मराठी निवडली तरी शेवटचं पान इंग्रजीच. हात थरथरत असताना चष्मा शोधून ते वाचायचं! कॉल सेंटरवर फसवणुकीसाठी कितवा आकडा दाबायचा ते कळेपर्यंत मला दोनदा क्रेडिट कार्डाची ऑफर ऐकवली.

शेवटी बटण सापडलं आणि कार्ड बंद केलं. हिचा फोन फ्लाईट मोडवर टाकला, माझ्या फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. बाईंनी शांतपणे रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारून घेतला, तक्रारीचा नंबर मेसेजने आला. तो घेऊन त्याच दिवशी शाखेत गेलो.

तिथल्या मॅनेजरांनी नियम समजावला. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला झळ नाही; तिसऱ्याच कुणाची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की झळ नाही. पण माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक होतं, घरी येऊन वाचलं, ते बरोबर बोलत होते. तेव्हा 4,900 वर मी पाणी सोडलंय. नंतरचा एक रुपया गेला नाही.

पाचपैकी तीन तारे. कुलपाचा एक वाढवला असता, पण तो विम्याच्या जाहिरातीखाली दबला.

मर्यादा आता 2,000 वर आणलीय. परवा हिची 2,350 ची साडी नामंजूर झाली. म्हणाली, 'असू दे, दुकानातून आणू.'